दादाजींचा आकडा

दादाजी मुकादम पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून कधी बसले नाहीत. सानगडीजवळच्या राईस मिलमध्ये ते बावीस वर्षं हमालांचे मुकादम होते आणि मी तिथला कारकून. दुपारी सगळे हमाल थप्पीच्या सावलीत टेकून डबे सोडायचे. दादाजी आले की आधी ओरडायचे, "उठ बे! ते भिंत नोहोय. पोती हायेत ते." मग स्वतः गोदामाच्या दारात, उन्हात उकिडवे बसून भात खायचे. आम्ही हसायचो. हसायला काय जातं हो!

मिलची मालकीण म्हणजे आमच्या बाई. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं मिल चालवली. दादाजी कोणापुढे मान झुकवत असतील तर फक्त त्यांच्यापुढे. एका वर्षी धान एवढं आलं की गोदाम पुरेना. बाईंनी थप्पीवर आणखी चार थर चढवायला सांगितले.

"बाई, यावर एक पोतं चढवाचं नाही. पडते," दादाजी म्हणाले.

बाई तापल्या. "मग उद्यापासून येऊ नका."

दादाजींनी पोती ओढायचा लोखंडी आकडा माझ्या टेबलावर ठेवला, बाईंना हात जोडले आणि निघून गेले. मी खाली मान घालून रजिस्टर चाळत बसलो. बावीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसासाठी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मेलं ते रजिस्टर!

पंधरा दिवसांनी भर दुपारी थप्पी कोसळली. तिला टेकून जेवत बसलेला रतन जागीच गेला. रतन दादाजींचा सख्खा भाचा, त्यांच्या विधवा बहिणीचा एकुलता एक. त्याला कामावर लावला होता दादाजींनीच.

लोकांनी प्रेत मिलच्या फाटकासमोर आणून ठेवलं. बाई ऑफिसात बसून होत्या. वकील फोनवर सांगत होता, बाहेर जाऊ नका, हमालांनीच थप्पी चुकीची लावली म्हणा. तेवढ्यात दादाजी आत शिरले. मला वाटलं, आता हे बाईंचा गळा धरतात.

"बाई, उठा. पोराले हात जोडाले चला."

"मारतील मला, दादाजी."

"मारतीन. पयले मले मारतीन. मी समोर राह्यतो."

आणि खरंच पुढे राहिले. फाटकाबाहेर येऊन मोठ्यानं म्हणाले, "थप्पी चढवू नका म्हनून मी सांगतलं होतं. बाईनं आयकलं नाही. पोलीसलेबी हेच सांगीन. पन बाईले कोनी हात लावाचा नाही." पहिला दगड त्यांच्या कपाळावर बसला. ते हलले नाहीत. त्यांच्या मागे उभं राहून बाईंनी रतनला हात जोडले. बहीण रडत नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून माहा भाऊबी मेला."

बोलल्याप्रमाणे दादाजींनी पोलिसांना सगळं खरं सांगितलं. बाईंवर केस उभी राहिली ती त्यांच्याच जबानीवर. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस कामावर हजर! उरलेल्या थप्प्या कलल्या होत्या, एकही हमाल आत पाय ठेवीना. दादाजी एकटे वर चढत, एकेक पोतं उतरवत. गावात त्यांना बाईचा कुत्रा म्हणू लागले. मी एकदा चिडलोच, "तिनं हाकललं, भाचा गेला, बहीण तुटली. काहून येता दादाजी?"

"माही घरवाली नागपूरच्या दवाखान्यात होती ना बाबूजी, तवा बाई चार दिवस बाकड्यावर बसून राहिली. माहे सोयरे उठून गेले. ते उठली नाही. आता मी कसा उठू?"

आधी आकडा खांद्याला अडकवून घरी नेत. आता संध्याकाळी जाताना माझ्याच टेबलावर ठेवत. "बहिनीच्या दारावरून रस्ता हाये. तिच्या डोळ्यासमोरून हे कसं नेऊ?"

थप्प्या उतरल्या आणि मिल कायमची बंद झाली. आकडा मी घरी आणला. कोर्टाच्या तारखांना मात्र दादाजी बाईंच्या शेजारीच जाऊन बसायचे. बाईंविरुद्धचा मुख्य साक्षीदार बाईंच्याच बाकावर! वकील त्यांना हुसकून लावायचा, ते व्हरांड्यात थांबायचे.

गेल्या हिवाळ्यात दादाजी गेले. तिरडी बहिणीच्या दारावरून गेली. दार बंद होतं. बाई सगळ्यांच्या मागे एकट्याच चालत होत्या, त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

आठ दिवसांनी बहीण माझ्या दारात उभी. घरात आली नाही, पाणी घेतलं नाही.

"त्याचा आकडा तुमच्यापाशी हाय म्हनते."

मी काढून दिला. गंज चढला होता. ती त्याच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली.

"माह्या दाराजवळ आला का सायकलवरून उतरे. पायी जाये. मी फटीतून पाहो रोज. हात रिकामे." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आनला असता तरी मी काही म्हनली नसती, बाबूजी."

तिनं आकडा पदराखाली घेतला आणि त्याच रस्त्यानं घरी गेली.