ढोलीतली बाटली

ठेवलेली दारू नासली की नाही हे कसं ओळखायचं, असं आज मला कोणी विचारलं तर मी सांगू शकते. तेव्हा येत नव्हतं. आणि येत नाही म्हणून शेजारी जाऊन विचारावं, तर तेही मी केलं नाही. चार पावलांवर तर शेजारणीचं घर होतं!

ऐंशीनंतरची गोष्ट. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात आमचे हे शाळेवर मास्तर होते. शेजारी एक माडिया गोंड म्हातारी. त्या गावात मला राहायला शिकवलं ते तिनंच. बांबूचे कोंब कसे उकळायचे, कोणती भाजी कडू निघते, सगळं. मी तिला बाई म्हणायची, ती मला मास्तरीन.

त्या पावसाळ्यात तापानं तिचा म्हातारा गेला. त्यानंतर काही दिवसांनी पदराखाली बाटली घेऊन ती माझ्या दारात आली.

"मास्तरीन, हे ठेव तुह्या घरी."

"काय हाय हे?"

"मोहाची. उन्हाळ्यात माह्या बुड्यानं काढली व्हती. त्याच्या हातची येवढीच राह्यली."

"मंग तुह्याच घरी ठेव ना बाई."

"माह्या घरी दोन लेकं हायेत. सांजंपर्यंत बाटली राह्यल, दारू नाई." आणि त्या दुःखातही हसली. "तुमच्या घरी कोनी शिवत नाई."

धान निघाल्यावर म्हाताऱ्याच्या नावाचा दगड उभा करायचा होता. त्या दिवशी गेलेल्या माणसाला दारूची पहिली धार जमिनीवर सोडतात. तिला त्याच्याच हातची त्याला द्यायची होती. एवढंच तिचं मागणं.

मी म्हटलं, "मले सांभाळता येईन काय?"

"त्यात काय सांभाळाचं? ते काय रडनारं लेकरू हाय?"

आता आमच्या घरचं सांगते. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत दारू आली नाही. मी कोणाला न सांगता बाटली धानाच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, खोल खुपसून ठेवली. ह्यांनाही बोलले नाही. महिने गेले. मग पत्र आलं, सासरे चिमूरहून येताहेत.

सासरे रागीट नव्हते हो. पण त्यांची एक सवय होती. कोणाच्याही घरी गेले की आधी ढोलीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि मूठभर धान काढून बघायचे. शेतकरी माणूस. मला रात्रंदिवस तो हात दिसायला लागला.

ते येणार त्या सकाळी मी बाटली काढली. उजेडात धरली तर आत पांढरं काहीतरी तरंगत होतं. मक्याच्या कणसाचं बूच होतं, ते उपसून वास घेतला. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. म्हटलं, नासली. आता बघा, चांगल्या दारूचा वास कसा असतो हे जिला जन्मात ठाऊक नाही, तिनं ठरवलं की ही नासली! विषारी दारूनं माणसं आंधळी होतात असं ऐकलं होतं, तेही कामी आलं. लिंबाच्या बुडाशी सगळी ओतली. बाटली राखेनं घासली आणि तिच्यात राकेल भरलं.

दुपारी सासरे आले. ढोलीत हात घातला, धान पाहिलं, म्हणाले, "चांगलं पिकलं." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दोनदा चहा दिला.

दगड उभा करायच्या चार दिवस आधी म्हातारी बाटली न्यायला आली.

मी म्हटलं, "बाई, ते नासली वो. आंबट वास मारत होती. पांढरं तरंगत होतं. म्या फेकली."

"आंबट?"

"हो."

खरं म्हणजे आंबट नव्हता वास. नासलेलं म्हणजे आंबट, म्हणून तोंडातून निघालं.

तिनं घरात नजर फिरवली. चिमणीजवळ राकेलाची बाटली उभी होती. ती ओळखली तिनं. म्हणाली, "चांगलं केलं मास्तरीन. नासकी त्याले कशी दिली असती?"

दगडापुढे दुसऱ्या घरची दारू सोडली. धार सोडताना ती गोंडीत काहीतरी बोलली. मी मागेच उभी होते. काय बोललीस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चैतात मोह पडला. तिच्या लेकांनी नाल्याजवळ भट्टी लावली. तिनं मला हाक मारून नेलं. पहिल्या धारेची वाटी भरून जाळावर फेकली. भक्कन निळा जाळ उठला.

"पाह्य मास्तरीन. अशी पेटली का चांगली. नाई पेटली का पानी. मडक्यातला मोह आंबते, भट्टीतून निंगाल्यावर नाई आंबत. किती वर्सं ठेव."

मग बाटली भरून वरून कणसाचं बूच दाबलं. बुचाचा पांढरा भुसा आत पडला आणि तरंगायला लागला.

"हे काय पडलं?" मी विचारलं, तरी मला कळलंच होतं.

"बुचाचा भुसा. फडक्यानं गाळून घ्याचा."

म्हणजे त्या दिवशी माझ्या दारातच तिला सगळं समजलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले कसं ठाऊक राह्यल? तुमच्यात कोनी पेत नाई." मला सुटायला जागाही तिनंच करून दिली. आणि मी सुटले. सासऱ्यांच्या हाताचं तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

निघताना तिनं तीच भरलेली बाटली माझ्यापुढे धरली.

"हे ठेवशीन काय ढोलीत? माह्यासाठी. मी गेली का माह्या दगडापुढं सोडजो."

मी म्हटलं, "आमची बदली होऊन राह्यली बाई."

बदलीचा कागद त्यानंतर दोन वर्षांनी आला.