इसहाकाच्या पाळण्याशी कोण हसलं?

गेल्या वर्षी माझ्या माहेरी, रहिमतपूरला, भर दुपारी बाळंतिणीच्या खोलीत कुणीतरी हसत असे. खोलीत तेव्हा दोनच माणसं असायची: पाळण्यात बाळ आणि पाळण्याशी मी. आम्हा दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं, हे मी अगदी छातीठोकपणे सांगत होते.

बाळ माझ्या धाकट्या भावाचं, आबाचं. आबा फौजेतून सुभेदार होऊन आला, ऊस लावला, गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा शिस्त लावली. पण घरात पाळणा काही हलेना. शेवटी भावजय शालन चव्वेचाळिशीत गरोदर राहिली, तेव्हा सगळी भावकी पदराआड हसली. शालन मात्र हसायचीच बंद झाली. काठोकाठ भरलेली घागर घेतल्यासारखी ती जपून चालायची.

मिरजेच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. तिथल्या सिस्टर शलोमी मोठ्या बोलक्या. शालनचं वय ऐकून म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात, बायबलात, अशीच एक सारा आहे. नव्वदीची! देवानं सांगितलं, तुला मुलगा होणार. ती तंबूच्या दाराआड हसली. देव म्हणाला, का हसलीस? तर म्हणे, मी कुठं हसले? पण मुलगा झालाच. नाव ठेवलं इसहाक. मूळ हिब्रूत यित्सहाक. म्हणजे, 'तो हसतो'."

"तो म्हंजे कोण?" शालननं विचारलं.

"तेच तर! कुणी म्हणतं बाप, कुणी म्हणतं बाळ, कुणी म्हणतं खुद्द देव. नावात नुसतं 'तो'."

माझ्या अंगावर काटा आला आणि नाव भलतंच आवडलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या एकटी मीच! आता आमच्याकडे आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करेपर्यंत नाव कुणाला कळू द्यायचं नसतं. मीही फारसं कुणाला सांगितलं नाही. फक्त शेजारच्या सहा-सात जणींना. (त्यातल्या दोघी तर बहिऱ्या!)

बारसं व्हायच्या आधी बाळाला एकटं सोडायचं नाही, हाही एक नेम. दुपारी गावची सुईण हिराबाई शालनला तेल लावून न्हाऊ घालायची, तेवढा वेळ राखणीला मी. खिडकीला जाड पडदा, शेगडीवर ओव्याची धुरी, धुरात पाळण्याची दोरी तेवढी दिसायची. पहिल्याच दुपारी दोघी ओलेत्या धावत आल्या.

"वन्सं, कोण हसलं?"

"कुणी नाही!"

"आवं, आमी दोघींनी ऐकलं की!"

"मी टक्क जागी आहे. डोळ्याला डोळा लागलेला नाही!"

बाळ झोपेत हसलं तर सटवाई हसवते म्हणतात, त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण हिराबाईनं पाळण्यात वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाळाचं न्हवं. दात असलेल्या तोंडाचं हसणं हाय त्ये."

दुसऱ्या दिवशी पुन्हा! आबानं म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा आणला, गादीखाली विळा ठेवला, दाराला लिंबाचा डहाळा बांधला. तिसऱ्या दिवशी हसणं आणखी वाढलं आणि त्याच्या शेवटी नाकातून एक लांब घुर्र आली. सगळ्या घराला ऐकू येत होतं, आणि हातभर अंतरावर बसलेल्या मला नाही! म्हणजे ते माझ्या पाठीशीच उभं असणार. मी घाबरून पाठ भिंतीला टेकवून बसू लागले. (भिंतीला टेकलं की माझं काय होतं, हे तेव्हा ध्यानात आलं असतं तर!)

चौथ्या दिवशी शालनचा बांध फुटला. "वन्सं, तुमी नाव आधीच फोडलंसा! 'तो हसतो' म्हणं! आला की त्यो! इतक्या वरसांनी पदरात पडलंय वो माज्या. बारसं नगं, नाव नगं, मी पोराला घिऊन म्हायेराला जाती."

तिनं बाळ असं उराशी घट्ट धरलं होतं की त्याची टाळूसुद्धा दिसेना. मला रडूच कोसळलं. माझ्या हौसेपायी त्या लेकरामागं हे काय लावून दिलं मी!

"एक दुपार थांब," आबा म्हणाला. "बगतोच त्येच्याकडं."

पोराला आत ठेवायला शालन तयार होईना. मग रिकामाच पाळणा टांगला. आबा काठी घेऊन कपाटाआड, शालन बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर, आणि मी देवाचं नाव घेत भिंतीशी. धूर दाटला. पाळणा आपोआप हलल्यासारखा वाटला. मग...

मग आबा माझ्यासमोर मोबाईल धरून उभा. पडद्यावर तीच खोली. धुरात एक पिंजारलेल्या केसांची बाई, डोळे मिटलेले, जबडा उघडा, आणि रिकाम्या पाळण्याशेजारी खदाखदा हसतेय! माझी बोबडी वळली.

"अगं आई गं! कोण रे ही?"

"तूच की, आक्का!"

"मी हसले नाही!"

"हसलीस! रेकॉर्ड हाय!"

उंबऱ्यात शालन थिजून उभी होती. मग ती बाळासकट खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता हसली. "आयो! वन्सं, तुमी!" एवढ्या महिन्यांचं कोंडलेलं हसू होतं ते. बाळ जागं होऊन आईच्या तोंडाकडं बघतच राहिलं.

बारशाला ती आपणहून म्हणाली, "त्येच नाव घाला, वन्सं. लय भ्यालो, आता हसू दे की त्येला." कागदोपत्री इंद्रजित, पाळण्यातलं इसहाक. मी कुर्र केलं.

पंगतीत आबानं तो व्हिडिओ समस्त पाहुण्यांना दाखवला. साताऱ्याहून आलेले आमचे हे तो बघून पांढरेफटक पडले.

"म्हणजे ती तू होतीस?"

"ती कोण?"

"अगं, आपल्या बेडरूममधली! मला वाटायचं, भूत आहे. म्हणून तर पाठदुखीचं निमित्त करून मी इतकी वर्षं हॉलमध्ये झोपतोय!"

"आणि मला एकटीला ठेवलंत भुताजवळ?"

ह्यांनी शांतपणे जिलेबी मोडली.

"ते तुला कधी काही करत नव्हतं. म्हटलं, दोघींचं जमतंय, आपण कशाला मध्ये पडा!"