राजदूताच्या घरची कॉफी

अबू माजिद गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं, फहदनं, फोनवर कळवलं. ‘खलास, चाचा गया,’ एवढंच तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

रियाधमधल्या आमच्या कंपाउंडमध्ये ते शेजारच्याच घरात राहत. शेजारी देशाच्या सैन्यानं त्यांचा चिमुकला देश गिळला, तेव्हा तिथलं राज्यकर्तं घराणं, म्हणजे यांचंच, इथे आश्रयाला आलं. तिथे ते परराष्ट्रमंत्री होते. ‘मंत्री अभी भी हूँ, बस मुल्क नहीं है,’ असं तेच हसत सांगत. शाळेची वर्षं मुंबईत गेल्यामुळे त्यांची हिंदी झकास होती. मी नाशिकचा, पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. त्या हिंदीवरच आमची गट्टी जमली. माझ्या बायकोच्या साबुदाण्याच्या खिचडीला ते नावं ठेवत आणि पुन्हा वाढूनही घेत.

सुरुवातीला त्यांच्याकडे परदेशी पाहुण्यांची रीघ असे. मग ती आटली. आक्रमकांनी बसवलेल्या सरकारला एकेक देश मान्यता देऊ लागला. एक मोठा देश तेवढा थांबला होता. तोही गेला, तर या मंडळींची परतीची वाटच बंद होणार होती. त्या देशाच्या राजदूतांना भेटायला जाताना अबू माजिदांनी हिंदीचं इंग्रजी करायला, घरच्या कुणाऐवजी, दुभाषा म्हणून मला नेलं. ‘घरवालों के सामने माँगने में शरम आती है,’ म्हणाले.

राजदूतांनी अगत्यानं स्वागत केलं. कॉफी आली. अबू माजिदांनी पेला पुढ्यात ठेवला आणि ते गप्प बसले. राजदूत हवेबद्दल, बुरैद्याच्या खजुरांबद्दल बोलत राहिले. शेवटी नोकरानं गार झालेला पेला उचलून नेला आणि आम्ही उठलो.

गाडीत मी चिडलोच. ‘आपने माँगा क्यों नहीं?’

‘माँगा तो,’ ते म्हणाले. त्यांच्याकडची रीतच तशी. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफीला तोंड लावत नाही. यजमान ओळखतो आणि म्हणतो, ‘प्या, तुमचं काम झालं.’ पिढ्यान् पिढ्या लोक यांच्यापुढे असे पेले ठेवून बसले होते. तोंडानं मागायची वेळ यांच्यावर कधी आलीच नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

काही दिवसांनी तेच माझ्या दारात उभे राहिले. ‘यल्ला, चलो, राजदूत के घर.’ या वेळी त्यांनी कॉफी पिऊन टाकली आणि शब्दांत मागितलं. मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. ‘राजधानीला कळवतो,’ राजदूत म्हणाले. लवकरच त्यांच्या देशानंही नव्या सरकारला मान्यता दिली. अबू माजिद संध्याकाळी फिरायला येत राहिले, इतकंच.

दुखवट्याला ते राजदूत आले. फहदनं कॉफी दिली. त्यांना ती रीत कुणी सांगितली कोण जाणे. त्यांनी पेला पुढ्यात ठेवला आणि मान खाली घालून बसले. फहद आपल्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला...

मग म्हणाला, ‘प्या.’