पुरुषांच्या हॉलची जाळी

डहाणूत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर बेघरांसाठीचं एक निवारा केंद्र आहे. तिथे मी दीड वर्ष काम केलं. दाराशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि येणाऱ्या माणसाची माहिती भरायची, एवढंच काम. ते मला मिळालं कारण फॉर्म इंग्रजीत होता आणि मला तो भराभर भरता यायचा. मी ते घेतलं कारण मला वाटलं, स्क्रीनकडे बघत बसलं की माणसांकडे फारसं बघावं लागणार नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला आजही आधी वाक्य मनात जुळवावं लागतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, बाजारात आईचं गुजराती, आणि पाड्यावरच्या बायका भाजीची टोपली घेऊन दारात आल्या की मी आतल्या खोलीत जायचे. घरी मराठी बोलत असूनही माझं मराठी असं कुठे वापरलंच गेलं नव्हतं.

मदत मागायला आलेली माणसं सरळ आत येत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती फाटकाशी थांबतात. कोणी तरी हाक मारेल याची वाट बघतात. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, "मी फक्त पाणी प्यायला आलोय." तो सात आठवडे राहिला. एक बाई सांगायची, मुलगा संध्याकाळच्या गाडीने येणार आहे, म्हणून तिने पिशवीची गाठ कधी सोडलीच नाही. चार महिने त्या गाठ बांधलेल्या पिशवीवर डोकं ठेवून ती झोपत होती. प्रत्येकाला माझे प्रश्न तेच: नाव, वय, गाव, लग्न, आजार, नातेवाईक. मी विचारायचे, माणसं सांगायची, मी चौकटीत खूण करायचे. कोणी रडायला लागलं तर मी टाइप करत राहायचे, म्हणजे त्यांना वाटावं की माझं लक्ष नाही.

ते दोघं आले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. सरकारी दवाखान्यातला एक वॉर्डबॉय त्यांना रिक्षातून घेऊन आला होता. माणूस पन्नाशीचा. वीटभट्टीवर काम करताना त्याला लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली होती. बोलायला जायचा तेव्हा नुसता घशातून आवाज यायचा. बाई त्याच्याच वयाची, बारीक, काटक. तिने त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. दवाखान्याने सुट्टी दिली होती, पण तीन आठवडे रोज व्यायामाला आणायला सांगितलं होतं. त्यांचा पाडा तलासरीच्या पलीकडे डोंगरात. डांबरी रस्त्यापासून तासभर चालायचं, मग गाडी, मग चारोटीला गाडी बदलायची. असा माणूस रोज कसा आणायचा?

"इथं जागा भेटंल ना, बाय?" तिने विचारलं. तिकडच्या बोलीऐवजी ती माझ्यासाठी बाजारातलं मराठी बोलत होती, सावकाश, शब्द निवडून. मीही तसंच बोलत होते.

केंद्रात पुरुषांचा हॉल खाली, बायकांचा वर. मागच्या बाजूला कुटुंबांसाठी दोन छोट्या खोल्या होत्या. त्यातली एक त्या दिवशी रिकामी होती. मला ते माहीत होतं. मी फॉर्म उघडला.

लग्नाच्या प्रश्नाला तीन चौकटी होत्या. मी विचारलं, "लग्न झालंय?"

ती हसली. पदर तोंडाला लावून, एखाद्या मुलीसारखी. "नाय अजून. व्हायचाय."

मी मान वर केली.

"पोराचा ठरला का त्याच्याच मांडवात आमचा पण उरकायचा. दोघांचा एकदमच."

बाकावरच्या माणसाने तोंडाच्या चांगल्या बाजूने काहीतरी आवाज काढला. तोही हसत असावा.

मी 'सिंगल'वर खूण केली. तिच्यासाठी एकदा, त्याच्यासाठी एकदा. नातेवाईकांच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून तो कोरा ठेवला.

आमच्या भागातल्या पाड्यांवर हे सर्रास आहे, हे मला तेव्हा ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेपर्यंत माणसं थांबत नाहीत, संसार करतात. मुलं मोठी होतात, आणि मग कधीतरी मुलाच्या मांडवात आईबापही हळद लावून बसतात. बोर्डीच्या रस्त्यावर आमच्या वाडीत चिकू काढायला येणाऱ्या बायकांकडून आईने हे ऐकलं होतं आणि जेवताना हसत हसत सांगितलं होतं. पण फॉर्म भरताना मला ते आठवलं नाही. फॉर्म भरताना मला फक्त फॉर्म दिसायचा.

केंद्र चालवणारे सर आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांचा नियम होता की कुटुंबाची खोली फक्त नवरा-बायकोला, आणि तेही कागद बघून. मागे एका माणसाने बायको म्हणून एक मुलगी आणली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप पोलीस घेऊन आला होता, तेव्हापासूनचा नियम. या बाईच्या आधार कार्डावर तिच्या बापाचं नाव होतं, तिच्या माणसाच्या रेशनकार्डावर त्याच्या आईचं. मी त्याला खाली खाट दिली, तिला वर.  तिला वाटलं असावं, झोपण्यापुरतंच असेल.

एक वाजता जेवण आलं. पुरुषांच्या हॉलच्या दाराला लोखंडी जाळी आहे आणि बायकांना तिच्या आत जाता येत नाही. मी हातपाय धुवायला उठले तर ती जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"आरं तसा नाय! मान वर कर त्याची. डाव्या गालात घाल, डाव्या! गिळला का बघ, मग दुसरा घास."

हॉल सांभाळणारे काका एका हाताने त्याची मान धरून दुसऱ्या हाताने वरणभात भरवत होते. त्यांच्याकडे तीस माणसं होती. काका वाईट नव्हते. "अगं बाई, तुझ्या ओरडण्यानेच त्याला ठसका लागेल," ते म्हणाले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ताट वाजवत म्हणाला, "काकी, मला पण भरवायला सांग ना. माझे दोन्ही गाल चालतात." हॉल हसला. तीही हसली, पण तिचे डोळे त्याच्या गळ्यावर होते. घास खाली उतरला का, ते ती बघत होती.

मग ती माझ्या टेबलाशी आली. "बाय, मला आत सोड. जेवणापुरता. त्याला पेज लागते, पातळ. न् थांबून थांबून द्यावी लागते. दवाखान्यात मीच भरवत व्हते. त्या दादाला येळ नाय."

"नियम आहे," मी म्हणाले.

"मागं खोली हाय, ती वरची बाई सांगत व्हती."

"ती लग्न झालेल्यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती वाद घालेल. तिने फक्त विचारलं, "मग त्याचं कोण करणार?"

त्या दिवसाच्या नोंदी संध्याकाळी सहापर्यंत बदलता यायच्या. त्यानंतर त्या मुख्य ऑफिसला जायच्या आणि इथून काही बदलता यायचं नाही. सहाच्या आत बदलायचं असेल तर सरांना फोन करून कारण सांगायचं. मी मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. फोन केला असता तर ते दहा प्रश्न विचारणार, आणि 'लग्न झालं नाही पण नवरा-बायको आहेत' हे मला नीट सांगता येणार नाही, ते 'म्हणजे काय?' म्हणणार, मी गप्प होणार. हे सगळं मी मनात चालवून बघितलं. सहा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, मग कालच फोन करायचा ना. आता माझ्या हातात नाही. ग्रामपंचायतीचा दाखला आणायला सांग, पती-पत्नी म्हणून राहतात असा. लगेच खोली देतो."

मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ जाळीशी जाऊन उभी राहिली. मग परत आली आणि म्हणाली, "मी जाते. उद्या दुपारपर्यंत येते. तू बघशील त्याच्याकडं?"

मी हो म्हणाले.

काकांना तिने तीनतीनदा बजावलं. डावा गाल, मान वर, पातळ पेज, घाई नको. काका म्हणाले, "कळलं गं आई माझी." ती गेली.

मी बघितलं का? मी जाळीपर्यंत गेले. संध्याकाळी सातला निघताना एकदा, आणि सकाळी आल्यावर एकदा. आत जायला मला मनाई नव्हती, मी कर्मचारी होते. पण तीस पुरुष खाटांवर बसलेले, कोणी उघडे, कोणी कपडे बदलत असलेले. मी जाळीतूनच विचारलं, "काका, ते जेवले ना?" काका म्हणाले, "हो हो, थोडं खाल्लं." मी परत टेबलाशी आले.

सकाळी नाश्त्याला उपमा होता. काका पाण्याच्या टँकरसाठी बाहेर गेले होते. कोणी तरी, भल्या मनानेच, त्याला उपमा भरवला, आडवा असतानाच. ठसका लागला तो थांबेना. मी आवाज ऐकला आणि जागेवरून उठले, आणि जाळीशी पोहोचले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. अँब्युलन्स साडेदहाला आली. काका बरोबर गेले.

साडेअकराला फाटकाशी एक इको गाडी थांबली. त्यातून ती उतरली, आणि तिच्यामागून पाच माणसं. तिचा दीर. एक पांढरी दाढी असलेला माणूस, पाड्यावर सगळे ज्याचं ऐकत असावेत असा. दोन बायका, आणि एक खूप म्हातारी, जिला हात धरून उतरवावं लागलं. सगळे धुतलेल्या कपड्यांत होते. पहिल्यांदाच त्या फाटकातून कोणी न थांबता आत आलं.

"ग्रामसेवक शुक्रवारशिवाय येत नाय," ती धापा टाकत म्हणाली. "कागद नाय भेटला. म्हणून माणसं आणली. विचार यांना काय विचारायचाय ता."

दीर पुढे झाला. "मॅडम, ही माझी वैनी हाय. मी एवढा व्हतो तवापासून. लिवा."

म्हातारी टेबलाला धरून उभी होती. "हिची तिन्ही पोरा माझ्या हातावर जल्मली," ती म्हणाली. "आनखी काय पायजे?"

ती पाचही माणसं माझ्याकडे बघत होती, माझ्या कीबोर्डकडे, मी काय लिहिते ते. आणि मला वाक्य जुळवता येत नव्हतं. मी म्हणाले, "त्यांना दवाखान्यात नेलंय. सकाळी. ठसका लागला."

तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि ती चालायला लागली. इको गाडी निघून गेली होती, म्हणून सगळे चालतच निघाले, म्हातारीसुद्धा. मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून त्यांच्यामागून गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. कोणी मला बोलावलं नव्हतं.

वॉर्डच्या दाराशी नर्सने सगळ्यांना अडवलं. "एवढे नाही. एकच जण. बायको कोण आहे याची?"

"मी," ती म्हणाली.

"जा आत. लवकर."

नर्सने कागद मागितला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, दीर माझ्या शेजारी. दारातून दिसत होतं. ऑक्सिजनची नळी लावलेली, छाती जोरात वरखाली होत होती. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्याचं डोकं आपल्या दंडावर घेतलं, जरा डावीकडे वळवून.

ती तिथून उठली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तो गेला. छातीत अन्न गेल्यामुळे, असं डॉक्टर दिराला म्हणाले.

ती केंद्रावर आली ती त्याचे कपडे न्यायला. शववाहिका फाटकाबाहेर उभी होती, दीर तिच्यात बसलेला. काकांनी बोचकं आणून दिलं आणि ते तोंड फिरवून आत गेले. मला तिची सही घ्यायची होती, वरची खाट सोडली म्हणून. तिने अंगठा लावला. अंगठ्याची शाई तिने पदराला पुसली.

"तू लग्नाचा विचारलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती मला झालं ते फक्त समजावून सांगत होती. "मी खरा सांगितला."

मी मान हलवली. ती बाहेर गेली. दीर पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. ती मागचं दार उघडून आत चढली, आपल्या माणसाजवळ, आणि दार आतून ओढून घेतलं.