चांगुणाची दुसरी सुई

तुमच्या दोन्ही पायांत सुई खुपसली, पाय सुजून भोपळे झाले आणि वर हुकूम निघाला की उद्या कामावर चालतच या, तर तुम्ही जाल? मग चांगुणा गांगुर्डेनं का जावं?

चांगुणाचे पाय लहानपणीच पोलिओनं वाळले. तळहातांखाली लाकडी ठोकळे, बुडाखाली टायरचा तुकडा, अशी ती रोज हातांवर चालत भद्रकाली भागातल्या बिडी कारखान्यात जायची. तिथं त्याच हातांनी हजारभर बिड्या वळायची.

१९७८ च्या पावसाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. नियम निघाला, आठ दिवसांच्या अंतरानं लसीच्या दोन सुया, आणि टोचल्याचा कागद नसेल तर कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही. नियम लिहिणाऱ्यानं चांगुणाचं पाऊल कधी बघितलंच नव्हतं.

पहिली सुई तिनं मुकाट डाव्या दंडात घेतली. दंड टरारून सुजला, ठोकळा धरवेना. चार दिवस घरात पडून राहिली. मुनीम म्हणाला, "पुन्हा खाडा केलास तर कार्ड कापीन." कार्ड कापलं की पानं नाहीत, तंबाखू नाही, काम संपलं.

म्हणून दुसऱ्या सुईला ती कारखान्याच्या दारातच अडून बसली. पुढं टेबल, मागं बायकांची रांग.

"भाऊसाहेब, मांडीत टोचा. ती बसूनच खाती."

टोचणारा निवृत्ती हसला नाही. "दंडातच टोचायचा हुकूम आहे. रजिस्टरात तोच रकाना आहे."

"बिड्या काय तुमचा रकाना वळणार का?"

"लाड पुरे. बाजूला सरक."

"सरकायला हात लागतात, भाऊसाहेब. तेच तर काढून घेताय."

मागनं लताबाई, तिच्या शेजारी बसून बिड्या वळणारी, म्हणाली, "तिला नाय तर आमाला बी नाय. टोच त्या भिंतीला." आणि खाली बसली. मग पुढची बसली, मग सगळी रांग.

निवृत्तीला संध्याकाळी साहेबाला किती जणांना टोचलं त्याचा आकडा द्यायचा होता. त्यानं घड्याळ बघितलं, दात खाल्ले आणि सुई चांगुणाच्या मांडीत खचकन घातली. पोलिओनं पायातलं बळ नेलं होतं, दुखणं नव्हतं नेलं. तिनं कागद घेतला. पण चौथीपर्यंत शिकलेली होती, नजर रजिस्टरावर गेली. त्यानं लिहिलं होतं: डावा दंड.

"मांडी लिहा."

"कागद मिळाला ना? मग गप जा."

रजिस्टर मिटलं. चांगुणा हातांवर चालत आत गेली, पानं घेतली, बिड्या वळायचं सूप पुढ्यात ओढलं. कार्ड वाचलं होतं. पण सरकारदरबारी मांडीत टोचलेली बाई झालीच नाही. पुढच्या साथीला पुन्हा दंडच मागणार.

तेव्हा तुमच्या गल्लीत सुईवाले आले, की रांगेत असं कुणी आहे का ते बघा. कुठं टोचायचं ते त्यालाच विचारा. आणि जिथं टोचलं तेच लिहिलंय का, हे वाचल्याशिवाय ते टेबल उचलू देऊ नका.