उसन्या ब्रेकवर पासिंग

जुन्या मोटारसायकलीवर आपलं फार प्रेम आहे असं सांगणारा माणूस भेटला की मी आधी त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघतो. चेन तेलात आहे की गंजात, किती तारा तुटल्यात, ब्रेकचं पेडल दाबल्यावर कुठपर्यंत खाली जातं. एवढ्यावरून प्रेमाचा आकडा काढता येतो. बहुतेकांचा शून्याच्या आसपास निघतो.

माझ्याकडे दोन-स्ट्रोकची जुनी गाडी आहे. कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलं, आणि तिचे पार्टही. बाजारात नकली मिळतात, पण नकली ब्रेक शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा पार्ट, थोड्याच महिन्यांत काचेसारखा गुळगुळीत होतो. म्हणून त्याच मॉडेलच्या तीन बंद गाड्या मी भंगारवाल्याच्या आधी जाऊन विकत घेतल्या. त्या खोलल्या, पार्ट धुतले, मापले, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डब्यांत लावून ठेवले. लागेल ते मी वापरतो, उरेल ते विकतो. किंमत डब्यावर लिहिलेली असते. ओळखीच्याला एक आणि अनोळखीला दुसरी, असला प्रकार माझ्याकडे नाही. घर राहुरीत, पाटाच्या कडेला. तरी पार कर्जतहून लोक शोधत येतात. याला धंदा म्हणता येणार नाही. पोट नोकरीवर चालतं, आणि ती नोकरीही हिशेबाचीच आहे.

आलेल्यांपैकी विकत घेणारे थोडे. बाकीचे उसनं मागायला येतात.

त्याचं असं आहे. गाडीला पंधरा वर्षं झाली की तिचे कागद संपतात. ते पुढे चालू ठेवायचे तर, आणि नंतरही दर पाच वर्षांनी, गाडी आरटीओच्या मैदानावर नेऊन दाखवावी लागते. दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, इंडिकेटर आहेत का, ब्रेक धरतो का. याला पासिंग म्हणतात. साध्या बुद्धीचा माणूस म्हणेल, दिवा नसेल तर दिवा बसवून घ्यावा. आमच्याकडचा गाडीवाला दिवा मागून आणतो. सकाळी बसवतो, दुपारी सरकारला दाखवतो, संध्याकाळी काढून मालकाला परत देतो. माझ्या शेडमधल्या एकाच हेडलाइटने इतक्या गाड्या पास केल्यात की त्याला आता पेन्शन सुरू व्हायला हवी. आणि हेच लोक नंतर चहाच्या टपरीवर बसून म्हणतात, ‘पासिंग म्हणजे सगळा कागदी खेळ आहे.’ खेळ कोण खेळतं ते मात्र सांगत नाहीत.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, पारनेर तालुक्यात राहतात. त्यांच्याकडेही हीच गाडी. मेहुणी अंगणवाडी सेविका आहे. तिची अंगणवाडी टेकडीपलीकडच्या वस्तीवर. साडू तिला रोज सकाळी गाडीवर सोडतात. त्या रस्त्याला लांब उतार आहे, उताराच्या तळाला वळण आहे, आणि वळणावर ओढ्याचा पूल. पुलाला कठडा नाही. मी तिथून एकदाच गेलो आहे, तेवढं पुरे झालं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दोघं मुक्कामाला आले. साडू गाडीवरून उतरता उतरताच म्हणाले, “साडूभाऊ, उद्या नगरला पासिंग हाय. ऑनलाइन तारीख भेटली. तुमचा त्यो सेट द्या.”

“कोणता सेट?”

“पासिंगचा. दिवा, इंडिकेटर, हॉर्न. आन् ब्रेक शू, दोन्ही चाकांचे.”

दिवा मागणारे पुष्कळ पाहिले होते. ब्रेक उसना मागणारा पहिलाच.

“विकत घ्या,” मी म्हणालो.

“एका दिवसासाठी विकत? नवरदेवाची शेरवानीबी लोक भाड्यानं आणत्यात.”

“शेरवानीने गाडी थांबत नाही.”

आतून बायको आली. “अहो, द्या की. घरचीच माणसं आहेत.” मग माझ्याजवळ येऊन हळूच, “माझ्या बहिणीसमोर डब्यावरची किंमत वाचून दाखवू नका.”

मी वाचून दाखवली नाही. माझे शू मूळ कंपनीचे होते, त्यांच्यावर नवं लायनर, म्हणजे घासला जाणारा थर, चढवून घेतलं होतं. ते बाहेर काढले आणि त्यांच्या गाडीचं मागचं चाक खोललं. ड्रममधून काळी पूड पडली. शूवरचं लायनर व्हर्नियरने मोजलं तर एक मिलिमीटरही भरेना. नव्याचं चार असतं. त्यावर कहर म्हणजे, शू झिजून ड्रमपर्यंत पोचत नव्हता म्हणून शूला ढकलणाऱ्या कॅमजवळ तेलाच्या डब्याचा पत्रा दुमडून खोचलेला होता.

“हे काय?”

“जुगाड,” साडू अभिमानाने म्हणाले. “आन् उताराला मी ब्रेकवर ऱ्हातच न्हाई. गिअरवर उतरतो.”

दोन-स्ट्रोकची गाडी गिअरवर उतरवणारा माणूस मला आयुष्यात एकदा तरी बघायचा होता, तो घरात निघाला. चार-स्ट्रोकच्या गाडीचं इंजिन उतारावर थोडंफार मागे ओढून धरतं. हे इंजिन जवळपास काहीच धरत नाही, उलट मोकळं सुटतं. पंधरा-वीस वर्षं हीच गाडी चालवणाऱ्याला हे कळलेलं नसावं, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

मेहुणी चहा घेऊन आली होती. तिने पत्र्याचा तुकडा पाहिला. “दाजी, म्हंजे ब्रेक न्हाईच का?”

“तुला काय कळतंय त्यातलं? चहा ठेव तिथं,” साडू म्हणाले.

“नाही,” मी तिला सांगितलं. “जवळजवळ नाहीच.”

मी चारही शू बसवले, दिवा, हॉर्न, इंडिकेटर जोडले. साडूंनी आपले जुने शू पत्र्यासकट एका पिशवीत घातले आणि पिशवी हँडलला अडकवली. उद्या पासिंग झालं की हेच पुन्हा चाकात जाणार होते, आणि परवा सकाळी त्यांच्या भरवशावर मेहुणी त्या पुलाकडे उतरणार होती. घरात हे चौघांनाही ठाऊक होतं. तिघांना त्याचं काहीतरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि माझ्या गाडीवर त्यांच्यासोबत नगरला गेलो. दिलेला पार्ट डोळ्यांआड झाला की तो निम्मा परत येतो, असा माझा अनुभव आहे. मेहुणीला नगरच्या बाजारात काम होतं म्हणून ती साडूंच्या मागे बसली.

मैदानावर गाड्यांची रांग होती. कोणाचे आरसे नवेकोरे आणि टाकी पोचे पडलेली, कोणाचा इंडिकेटर डावीकडे एका कंपनीचा आणि उजवीकडे दुसऱ्या. आमच्या मागच्या माणसाने साडूंच्या खांद्यावर थाप मारली. “पाव्हणं, तुमचं झालं की हॉर्न मोकळा करा बरं का. माझा पोंग पोंगच करतोय.” साडूंनी उदारपणे माझ्याकडे बोट दाखवलं, “मालकाला इच्यारा.” मालकाने नाही म्हटलं. हॉर्नवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याची गाडी नापास केली होती.

इन्स्पेक्टरबाबत माझी काही तक्रार नाही. त्याने दिवा लावून बघितला, हॉर्न वाजवला, चेसिस नंबर ताडून पाहिला, आणि साडूंना म्हणाला, “जरा पुढे चालवा आणि मी हात केला की थांबवा.” समोर उभी केलेली गाडी त्याने नीट तपासली. ती गाडी संध्याकाळपर्यंतच तशी राहणार आहे, हे त्याने कशावरून ओळखावं?

साडूंना ब्रेक दाबायची सवय होती ती पत्र्याच्या ब्रेकची. म्हणजे लांबूनच, पूर्ण वजन टाकून, पेडलवर उभं राहिल्यासारखं. त्यांनी तसंच केलं. मागचं चाक जागच्या जागी अडलं, गाडी घसरली आणि साडू सीटवरून सरकून टाकीवर येऊन बसले. रांगेत हशा पिकला.

“ब्रेक चांगला आहे,” इन्स्पेक्टर म्हणाला. “तुम्ही चालवायला शिका.”

गाडी पास झाली. साडू ती ढकलत बाहेर आले ते माझ्यावर चिडूनच. “साडूभाऊ, कायतरी बिघाड करून ठेवलाय तुमी. धरतोय ओ ह्यो!”

“धरतो म्हणूनच त्याला ब्रेक म्हणतात.”

“इतका कुटं आस्तो का? मानूस पडंल.”

बाजार उरकून आम्ही दुपारी परत निघालो. विळदच्या घाटात मी त्यांच्या थोडा मागे होतो. साडू मान वळवून मेहुणीला काहीतरी सांगत होते. बहुधा पासिंग कसं झटक्यात झालं तेच. वळणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह रस्त्यातच बंद पडून उभा होता. साडूंनी समोर बघितलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणजे त्यांच्या पत्र्याच्या दृष्टीने. माझ्या शूच्या दृष्टीने अंतर पुरेसं होतं. गाडी करकचून थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस पुढच्या दिव्याला टेकला होता.

मेहुणी खाली उतरली. रस्त्याच्या कडेला जाऊन थोडा वेळ उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा मागे बसली. साडू ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देण्यात गुंतले होते.

घरी पोचल्यावर या माणसाने पाणीसुद्धा प्यायलं नाही. गाडी स्टँडवर लावली, दिवा, हॉर्न आणि इंडिकेटर सोडवून ओट्यावर ठेवले आणि पाना घेऊन मागचं चाक काढायला बसले. “उसनं ते दिवस मावळायच्या आत परत,” ते म्हणाले. “आपला शब्द हाय.”

“पाहुणं, राहू द्या की ते ब्रेक,” बायको म्हणाली. घाटातली हकीकत तिला बहिणीने चपला काढता काढताच सांगितली होती.

“न्हाई ताई. कुनाचं ठेवून घेनारा मानूस न्हाई मी.”

मीही म्हणालो, “ठेवा. मला परत नकोत.”

“फुकट? मी काय भिकारी हाय का?”

“मग विकत घ्या.”

“आता कशाला विकत? आता पासिंग झालं की!”

माणूस खोटा नव्हता. दुसऱ्याचा स्क्रूदेखील त्याने कधी खिशात घातला नसेल. तेवढ्या एका सचोटीवर तो बायकोला रोज कठडा नसलेल्या पुलाकडे सोडून देत होता, आणि वर त्याचा त्याला गर्व होता. अशा प्रामाणिकपणापेक्षा चोर परवडला. चोराने माझे शू पळवले असते आणि निदान वापरले असते.

चाक निघालं. माझे मागचे शू फरशीवर आले. साडूंनी न बघताच मागे हात केला. “ती पिशवी दे गं.”

मेहुणीने हँडलची पिशवी काढली. त्यांच्या हातात दिली नाही. ती अंगण ओलांडून, रस्ता ओलांडून पाटाच्या भरावावर चढली. पाटाला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ वाहत होतं. तिने पिशवी पाण्यात टाकली, हात झटकले आणि परत आली.

“अगं ए! काय केलंस?”

“पडली.”

“पडली? पाटापत्तोर चालत जाऊन पडली?”

“व्हय.”

माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला. साडू धावत भरावावर गेले, पाण्याकडे बघून आले. चाक एकीकडे आणि गाडी एकीकडे, अशी ती अंगणात उघडी पडली होती. आता तिच्यात बसवण्यासारखे शू अख्ख्या राहुरीत माझ्याकडेच होते. साडूंनी फरशीवरचा शू उचलून विचारलं, “किती?”

मी डबा आणून त्याच्यावरची किंमत दाखवली. या वेळी बायकोने अडवलं नाही.

त्यांनी शू उलटसुलट करून बघितला. लायनरवर नख घासलं. “पन साडूभाऊ, ही किंमत काल हुती. आज त्ये वापरलेले हायेत.”

“कोणी वापरले?”

“कुनी का वापरंना. नगरला जाऊन आले, पासिंगला घासले. घाटात तर केवढा जोर पडला त्यांच्यावर! वापरलेल्या मालाला कमी लागत्यात, हे तुमीच सांगता लोकांना.”

मी शेडमधून व्हर्नियर आणलं. त्यांच्यासमोर लायनर मोजलं. चार मिलिमीटर, आदल्या दिवशी होतं तेवढंच. त्यांना आकडा वाचायला लावला. त्यांनी तो वाचला, आणि तरी म्हणाले, “घरच्या मानसाला कायतरी सोडावं लागतं.”

मी काही सोडलं नाही. पैसे मेहुणीने आपल्या पाकिटातून काढून ओट्यावर ठेवले, पुरे. “दाजी, बसवा,” ती म्हणाली.

मी चाक बसवलं, ब्रेकचा नट आवळला आणि बाजूला झालो. साडू गाडीवर बसले, किक मारली आणि ‘चल’ म्हणाले. मेहुणी आधी गाडीच्या उजव्या बाजूला गेली. चप्पल काढून ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग मागे बसली.