चार बोटं

धुकं इतकं दाट होतं की पहिल्या अडथळ्यापाशी उभं राहिलं तर तिसरा दिसत नव्हता. नाकतोडी एकेक अडथळा उचलून चुन्याच्या खुणेवर मांडत होती. आडवी फळी वर ओढायची, खाचेत खट्‌ वाजलं की पुढे. वाजल्यावरही ती बोटांनी खाच चाचपून बघे. खिशात आज एक पत्र होतं.

पाय लांब, म्हणून पोरींनी चिडवायला ठेवलेलं हे नाव. बाप म्हणायचा, हिचे पाय आधी जन्मले, ही मागाहून आली. बाप याच मैदानावर शिपाई. अडथळे मांडायचं काम त्याचं. एकोणिसाव्या वर्षी तिने देशाचा विक्रम मोडला तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, उघड्या गाडीतून मिरवलं, फाटकावर तिच्या नावाची पाटी ठोकली. बावीस वर्षं तो विक्रम कुणाला हलवता आला नाही.

का, ते बापलेकीलाच ठाऊक. त्या दिवशी आधी लहान मुलींची शर्यत होती, बुटक्या अडथळ्यांची. मग मोठ्यांच्या शर्यतीसाठी बापाने दहापैकी नऊ अडथळे एक खाच वर चढवले, आठवा राहिला. धावताना तिच्या पायाखाली चार बोटं जास्त हवा लागली. पायाला तेव्हाच कळलं, डोक्याला मागाहून. शर्यत संपवून वळून बघते तो बाप आठव्याची फळी गुपचूप वर ओढतोय. घरी तो एवढंच म्हणाला, बोललीस तर नोकरी जाईल. तिने ब्र काढला नाही. सत्कारात मान खाली घालून बसायची. लोक म्हणायचे, पोरगी किती विनयाची.

बाप जाऊन वर्ष झालं. काल तिच्याच हाताखाली सराव करणारी टेलरची पोर पापणी लवेल एवढ्याने त्या विक्रमाच्या मागे राहिली, तिसऱ्यांदा. बूट पिशवीत कोंबत म्हणाली, "ताई, बास आता. उद्या बूट परत करते, मशीनवर बसते. तुमची बरोबरी नाही व्हायची माझ्याने."

पहाटे नाकतोडीने आईला सगळं सांगितलं.

"मेलेल्या माणसाला खोटं पाडशील?"

"आप्पा विसरले होते, आई. लपवलं मी."

आईने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या फाटकातून जाताना तो कधी मान वर करायचा नाही. मला वाटायचं, कंबर धरलीय."

धुकं विरलं तसे मैदानाचे सेक्रेटरी आले. तिने खिशातलं पत्र पुढे केलं, ते त्यांनी उभ्यानेच वाचलं. गाडलेली मढी कशाला उकरता, म्हणाले, विक्रम पुसला जाईल, पाटीसुद्धा उतरवावी लागेल.

"शिडी कोठीत आहे," ती म्हणाली.

टेलरची पोर बुटांची पिशवी घेऊन फाटकाशीच थबकली होती. नाकतोडी तिच्याजवळ गेली.

"तू माझ्या मागे नव्हतीसच. तू दहा अडथळे पार केलेस. मी नऊ."

पोरीला आधी कळेना. नाकतोडीने आठव्याची फळी एक खाच खाली उतरवून दाखवली, फळी आणि वरची खाच यांच्या मधल्या जागेत चार बोटं धरली. पोर त्या बोटांकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि पिशवीची गाठ सोडू लागली.

नाकतोडीने फळी वर ओढली, खाच चाचपली आणि नववा अडथळा उचलायला गेली.